भाऊबीजेचा डबा, आणि त्याआधी आलेला एक मेसेज

अबोली

हा धागा काढावा की नाही यात बरेच दिवस गेले. घरात बोलले तर आईला त्रास होतो, मैत्रिणींशी बोलले तर "एवढंच ना?" म्हणून विषय बदलतो. म्हणून इथे विचारतेय.

प्रश्न असा आहे: सख्ख्या भावंडाने दिलेली भेट मनाला लागली, तर ते बोलून दाखवायचं की गिळून टाकायचं? आणि बोलायचं तर कसं?

आमचं थोडक्यात सांगते. मी कोथरूडला राहते, दादा-वहिनी बाणेरला. बाबा गेल्यापासून आई नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकटी असते. तिची औषधं, डोळ्यांचे डॉक्टर, गॅसचा नंबर लावणं, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला, हे सगळं माझ्याकडे. दादा वाईट नाही, हे आधीच स्पष्ट करते. आईच्या मोतीबिंदूचा सगळा खर्च त्याने न बोलता भरला होता.

यंदा भाऊबीजेला ओवाळलं तेव्हा त्याने ताटात एक खोकं ठेवलं. घरी येऊन उघडलं तर स्टीलच्या डब्यांचा सेट. प्रत्येक झाकणावर त्याच्या ऑफिसला माल पुरवणाऱ्या कुठल्यातरी व्यापाऱ्याचं नाव कोरलेलं, आत दीपावलीच्या शुभेच्छांचं छापील कार्ड, तेही दादाच्या ऑफिसच्या पत्त्यावर. म्हणजे ऑफिसात आलेलं खोकं जसंच्या तसं माझ्या ताटात पडलं.

किमतीचं दुःख नाही हो. शाळेत असताना हाच दादा खाऊचे पैसे साठवून तुळशीबागेतून माझ्यासाठी टिकल्यांची पाकिटं आणायचा. कोणता रंग माझ्याकडे नाही हे त्याला माहीत असायचं. त्याच्या पन्नाशीला मी तांबट आळीत जाऊन मठारकाम केलेला तांब्याचा हंडा करवून घेतला. कारागीर एकेक ठोका घालत होते ते उभं राहून पाहिलं. तसंच काही परत यावं अशी अपेक्षा नव्हती. पण खोकं उघडून तरी बघायचंस!

आता दुसरी गोष्ट. दिवाळीच्या आधी त्याचा मेसेज आला होता: "आईच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट ठरतंय. तुझं हक्कसोड पत्र करून घेऊ, म्हणजे पुढे कागदांची कटकट नको." म्हणजे फ्लॅटमधला माझा वाटा मी कागदावर सोडून द्यायचा. त्याआधी या विषयावर एक शब्दही झालेला नव्हता. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आणि आता तो डबा दिसला की मला तो मेसेजच दिसतो.

---

रानजाई

अबोली, वाचून फार वाईट वाटलं. आधी एकच विनंती: डबा आणि फ्लॅट हे दोन विषय एका दिवशी, एका फोनवर काढू नका.

आमच्या घरात हे झालेलं आहे. माझ्या आईला मामाने वास्तुशांतीला देण्याघेण्यातली साडी नेसवली. दुकानाची चिठ्ठी साडीला तशीच होती आणि चिठ्ठीवरचं दुकान मामीच्या माहेरच्या गावचं, म्हणजे मामीला कुणीतरी दिलेली ती साडी पुढे सरकवलेली. आई रागाने बोलली. साडीवरून सुरू झालेलं बोलणं पाच मिनिटांत आजीच्या पाटल्यांवर गेलं, तिथून गावच्या जमिनीवर. मामाचं म्हणणं पडलं, "म्हणजे तुला साडीचं काही नव्हतंच, तुझा डोळा जमिनीवर होता." आईचं म्हणणं, "म्हणजे तू मला आधीच लुबाडायचं ठरवलं होतंस." दोघांनाही जे म्हणायचं नव्हतं तेच समोरच्याला ऐकू गेलं. पुढे कितीतरी वर्षं राखी पोस्टाने जायची आणि पोच यायची नाही.

साडीचं दुःख खरं होतं. जमिनीचा प्रश्नही खरा होता. एकाच्या पाठीवर दुसरा बसवला आणि दोन्ही गेले.

---

स्पष्टवक्ता

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. भेट देणाऱ्याची इच्छा असते, घेणाऱ्याचा हक्क नसतो. ऑफिसातला डबा दिला म्हणून काय झालं? डबा चांगला असेल तर वापरा, नाहीतर मावशींना देऊन टाका. मोतीबिंदूचे पैसे भरणारा भाऊ डब्यावरून मोजायचा का?

---

अबोली

@स्पष्टवक्ता, राग नाही. पण मोतीबिंदूचे पैसे आईसाठी होते, आणि आई दोघांची आहे. तो माझ्यावर उपकार नव्हता, तसंच मी आईचं करते तोही त्याच्यावर उपकार नाही. भाऊबीज हा वर्षातला एकच दिवस असा आहे की तो फक्त आमच्या दोघांचा आहे. बाकीचं सगळं आईच्या निमित्ताने होतं. म्हणून लागलं.

---

निवृत्त लेखनिक

माझं वय झालं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

माझ्या आईकडे आहेराची वही होती. लाल कापडी बांधणीची. कुठल्या मुंजीत कोणी अकरा रुपये दिले, कोणी पातेलं, कोणी खण-नारळ, सगळं तारखेनिशी. त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची, बघायचं आणि थोडी भर घालून परत करायचं. आजच्या मुलांना हे हिशेबी वाटतं. पण त्या वहीमुळे कोणाला अंदाज बांधावा लागत नव्हता. अपेक्षा कागदावर होती. कमी पडलं तर कारणही माहीत असायचं: त्या वर्षी त्यांच्याकडे पाऊस नव्हता, यांची नोकरी गेली होती. वहीत तसे शेरे असायचे. "अडचणीत आहेत, मनावर घेऊ नये" असं आईच्या अक्षरात लिहिलेलं मी वाचलेलं आहे.

पुढे निमंत्रणपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' आलं आणि बाहेरच्यांशी हिशेब मिटला. चांगलंच झालं. पण भावंडांमधलं राखीचं, भाऊबीजेचं, अधिक महिन्यातल्या वाणाचं देणं-घेणं चालूच राहिलं, फक्त वही गेली. आता प्रत्येक जण मनात हिशेब ठेवतो. त्यात आपण दिलेलं सगळं मांडलेलं असतं आणि समोरच्याने केलेलं अर्धंच. शेरा लिहायला तर जागाच नसते.

अबोलीताई, तुमच्या दादांच्या बाजूने यंदा काही शेरा होता का? नोकरीचं, तब्येतीचं, मुलांचं? तुम्ही चूक आहात असं मी म्हणत नाही. फक्त विचारून पाहा.

---

एक वहिनी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण ती बाजू कोणी लिहीत नाही.

लग्न झाल्यापासून नणंदांच्या सगळ्या भेटी मीच आणते. नवऱ्याला बहिणींचे वाढदिवस मी आठवण करून देते. लक्ष्मी रोडला दिवाळीच्या गर्दीत मी जाते, साडी मी निवडते, पिशवीत घालून त्यांच्या हातात देते, आणि ते ताटात ठेवतात. आवडली तर "दादाने किती छान आणली." नाही आवडली तर "वहिनीने काय हे आणलं." नणंदेला कोणता रंग आवडतो हे भावाला लहानपणापासून माहीत असतं, मला कसं माहीत असणार? मला तर ती लग्नानंतर भेटली. पण निवड माझी, आणि नापसंतीही माझ्याच नावावर.

एका वर्षी मी सांगितलं, तुमच्या बहिणी, तुम्ही आणा. त्यांनी ऐन भाऊबीजेच्या सकाळी पाकिटात पैसे घातले. नणंदबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांच्याशी मात्र बोलल्या!

तेव्हा कोणतीही बहीण भावाच्या भेटीवर नाराज असेल तर तिने आधी एवढं शोधावं की ती भेट आणली कोणी.

---

मधली

@एक वहिनी, प्रचंड अनुमोदन. आमच्याकडे अगदी हेच.

---

धाकटा

मी भाऊ आहे, दोन बहिणींच्या पाठचा. दोघींची परिस्थिती माझ्यापेक्षा खूप बरी. मोठी ताई राखीला मला ब्रँडेड घड्याळ, शर्ट, असं देते. मनापासून देते. पण ते घेताना माझी मान खाली जाते, कारण मी ओवाळणीत जे घालतो ते त्या घड्याळाच्या पट्ट्याइतकंही नसतं. एका वर्षी मी सरळ दौऱ्याचं निमित्त काढून राखीला गेलोच नाही. भेटी फक्त कमी पडल्यानेच खुपतात असं नाही, जास्त झाल्यानेही खुपतात.

शेवटी धाकट्या ताईने तोडगा काढला. आमचं ठरलंय: तिघांनी एकमेकांना फक्त पाचशे एक. कमी नाही, जास्त नाही. त्याशिवाय वर्षातून एक दिवस तिघांनीच, जोडीदार आणि मुलांशिवाय, सिंहगडावर जायचं. पिठलं-भाकरी खायची, मटक्यातलं दही खायचं, खाली यायचं. मोठ्या ताईला पहिल्या वर्षी हा नियम आवडला नाही. तिला देण्यात आनंद असतो, तो आम्ही हिरावून घेतला असं तिला वाटलं. आता सिंहगडाची तारीख तीच ठरवते.

---

दस्तऐवज

मी या विषयावर रोज काम करते (वकिली, दिवाणी), म्हणून फक्त फ्लॅटबद्दल लिहिते. भेटीबद्दल मला इतरांपेक्षा जास्त कळत नाही.

अबोली, आधी सांगा: फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला का? त्यांच्या एकट्याच्या नावावर होता का? मृत्युपत्र आहे का?

---

अबोली

हो, बाबांच्या नोकरीच्या पैशांतून आणि कर्ज काढून. त्यांच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी दादा आहे.

---

दस्तऐवज

मग गोष्ट सोपी आहे. लोक अशा वेळी २००५ चा कायदा आणतात, पण तो तुम्हाला लागतही नाही. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देण्याबद्दलची आहे. महाराष्ट्राने तसा कायदा १९९४ मध्येच केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवेत का हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला: नसले तरी चालतात.

तुमचा फ्लॅट बाबांचा स्वकष्टार्जित. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही. अशा मिळकतीला १९५६ चा हिंदू वारसा कायदा पहिल्यापासूनच मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी यांना सारखे वाटे देतो. म्हणजे आई, दादा आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश (आजी हयात असती तर तीही आली असती). तुमचं लग्न कधी झालं याचा संबंध नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरतंच ते नाव असतं, वारसांचा हक्क त्याने जात नाही.

हक्कसोड पत्राबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवा. स्थावर मिळकतीचं हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नोटरीकडे शिक्का मारून काम होत नाही. एकदा नोंदलं की ते सहज मागे घेता येत नाही, फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हक्क कोणाच्या लाभात सोडताय ते पाहा. दादाच्या लाभात सोडला तर दादाचा हिस्सा वाढतो. आईच्या लाभात सोडला तर आईचा वाढतो आणि त्याचं पुढे काय करायचं ते आई मृत्युपत्राने ठरवू शकते. मेसेजमध्ये हे लिहिलेलं नाही, त्यामुळे दादांच्या मनात काय आहे ते तुम्हाला कळूच शकत नाही. मोबदला घेऊन सोडणार असाल तर मुद्रांक शुल्क आणि आयकर दोन्ही वेगळे लागतात, आधी सीएला विचारा.

एक खरं की रिडेव्हलपमेंटच्या वेळी बिल्डरला सगळ्या वारसांची नावं स्वच्छ हवी असतात, त्यामुळे कागद आवरायची घाई दादांवर आलेली असू शकते. पण हक्क सोडल्याशिवाय कागद होत नाहीत हा गैरसमज आहे. तिघांची नावं लावूनही पर्यायी जागेचा करार होतो. सही करू नका असं मी म्हणत नाही. घाईत करू नका.

---

रानजाई

@दस्तऐवज, हा प्रतिसाद प्रत्येक बहिणीने जपून ठेवावा. आणि प्रत्येक भावानेसुद्धा.

---

कर्वे रोड

थोडं वेगळं. आमच्या घरी भाऊबीजेच्या भेटींवरून दरवर्षी कुरबुर व्हायची. मग काही वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी ठरवलं की वस्तू बंद. ओवाळणीची रक्कम बहिणीच्या नावाने महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीला द्यायची. १८९६ ला अण्णासाहेब कर्व्यांनी सुरू केलेली संस्था, आणि हा निधी मुलींच्या शिक्षणासाठी. समाजाने भाऊ व्हावं ही त्यामागची कल्पना मला फार आवडते. भाऊ ओवाळून घेतो आणि ताटात पावती ठेवतो.

पण अबोली, तुमच्यासाठी हा उपाय आत्ता नको. आमच्याकडे भांडण वस्तूंचं होतं म्हणून तो चालला. तुम्हाला दादाने लक्ष द्यायला हवं आहे, आणि पावती देऊन तो पुन्हा सुटेल.

---

स्पष्टवक्ता

@कर्वे रोड, शेवटचं वाक्य पटलं. माझं आधीचं मत मी थोडं बदलतो. वस्तूवर हक्क नसतो, पण लक्ष द्यावं ही अपेक्षा चूक नाही.

---

अबोली

सगळ्यांचे आभार. मधे बरंच काही झालं, म्हणून धागा वर काढतेय.

@एक वहिनी, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी वहिनींना फोन केला. "डबा तुम्ही निवडला होता का?" एवढंच विचारलं. त्यांना माहीतच नव्हतं! त्यांनी माझ्यासाठी आणलेली पिशवी घरीच सोफ्यावर राहिली होती. दादाने ती विसरली, आणि नारायण पेठेत गाडी लावताना डिकीत पडलेलं खोकं उचललं. त्या बिचाऱ्या फोनवरच रडवेल्या झाल्या. पिशवीत काय होतं ते मी विचारलं नाही, तो विषय माझा आणि दादाचा होता.

मग दादाला आईकडे बोलावलं नाही. डेक्कनला एका हॉटेलात भेटलो, दोघंच. रानजाईंनी सांगितल्याप्रमाणे फ्लॅटचं नाव काढलं नाही. त्याला म्हटलं, "दादा, तू भेट विसरलास तर रिकाम्या हाताने ये, मी तसंही ओवाळीन. डिकीतलं नको देऊ." तो आधी हसण्यावारी न्यायला लागला. मी हसले नाही. मग म्हणाला, रिकाम्या हाताने येण्याची लाज वाटली. मी म्हटलं, लाज वाटली ते मला सांगायचंस, तू माझा दादा आहेस, पाहुणा नाहीस.

लेखनिक काका, शेरा होता. त्याच्या ऑफिसात माणसं कमी करताहेत आणि त्याला जुलैपासून झोप नाही. वहिनींना अर्धवट माहीत होतं, आईला नाही. तरीही डब्याबद्दल मला जे वाटलं ते तसंच आहे. दोन्ही खरं आहे, आणि मी त्याला दोन्ही बोलले.

---

धाकटा

छान केलंत. त्याला सोपं गेलं नसेल. आम्हा भावांना नोकरीचं बहिणीला सांगणं फार जड जातं.

---

दस्तऐवज

आणि फ्लॅट?

---

अबोली

ते पुढच्या आठवड्यात, वेगळ्या दिवशी, फोन करून काढलं. तुमचा एक प्रश्न जसाच्या तसा विचारला: "कोणाच्या लाभात?" तो गप्प झाला. मग म्हणाला, बिल्डरच्या माणसाने फॉर्म पाठवला त्यात त्याचंच नाव होतं, त्याने पुढे विचार केला नाही. यावर माझा पूर्ण विश्वास बसला असं सांगू शकत नाही. मी त्याला तसं म्हटलंही. तो चिडला, फोन ठेवला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला की सोसायटीच्या सभेला दोघांनी जाऊ आणि त्याआधी एका वकिलाला तिघंही भेटू, आईसकट.

मी सही करणार की नाही हे ठरलेलं नाही. आई म्हणते तिला तिघांची नावं हवी आहेत. दादाला ते आवडलेलं नाही, स्पष्ट दिसतंय. शनिवारी वकिलांकडे जायचंय.

@दस्तऐवज, सोबत काय काय न्यायचं?

---

दस्तऐवज

मूळ करारनामा आणि त्याची इंडेक्स टू (म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बाबांचा मृत्यू दाखला, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, बिल्डरने पाठवलेला तो फॉर्म, तिघांची ओळखपत्रं. आणि आईंना वकिलांशी दहा मिनिटं एकटीने बोलू द्या, तुम्ही दोघं बाहेर बसा.